पश्चिमेची दरी, पश्चिमेचं ऊन, पश्चिमेचा पाऊस: कोकणातल्या उतारावर आजचं घर

प्रश्न थोडक्यात असा: कुडाळ तालुक्यात सड्याखालच्या (जांभ्याच्या कातळपठाराखालच्या) उतारावर २५ गुंठे बिगरशेती जागा घेतली आहे. उतार पश्चिमेला, तळाशी व्हाळ (ओढा), मध्यावर चार जुने आंबे आणि एक फणस. सध्या पुण्यात राहतो, निवृत्तीनंतर वर्षाचा बराचसा काळ इथे काढायचा आहे. घर आजच्या काळातलं हवं, जुन्या वाड्याची नक्कल नको, पण ते त्या जागेतलंच वाटावं. डोक्यात सपाट छप्पर, पश्चिमेला अखंड काच, दरीच्या काठावर पोहण्याचा तलाव आणि नमुना म्हणून फॉलिंगवॉटर हे अमेरिकेतलं प्रसिद्ध घर आहे. सुरुवात कुठून करावी? आणि बांधकाम गावच्या गवंड्यांकडून करावं की पुण्याच्या ठेकेदाराकडून?

सुरुवात जुलै महिन्यात करा. आराखडा काढण्याआधी एक पावसाळा ती जागा बघा. मार्चमध्ये कोकणातली कुठलीही जागा शांत आणि आज्ञाधारक दिसते. तिचा स्वभाव कळतो तो जुलैत. सड्यावरचं पाणी कुठून खाली उतरतं, उतारात कुठे उपळ (पावसाळी झरा) फुटते, व्हाळ किती वर चढतो, वाऱ्याबरोबर पाऊस किती तिरका येतो, हे चार दिवस सलग धो धो पाऊस पडल्यानंतर हिंडलं की दिसतं. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुठल्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) पाणी साचतं आणि गडगा (दगड रचून केलेली कुंपणभिंत) कुठून दरवर्षी ढासळतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाणी वाहतं तिथे खुंट्या मारून ठेवा. हिवाळ्यात मोजणी करून घ्याल तेव्हा त्या खुंट्याही नकाशावर आल्या पाहिजेत. नुसत्या हद्दीच्या मोजणीवर भागणार नाही. अर्ध्या मीटरच्या फरकाने समपातळी रेषा, प्रत्येक झाडाचं खोड आणि त्याच्या फांद्यांचा घेर, उघडा कातळ, हे सगळं नकाशावर हवं. सड्याचा काही भाग तुमच्या हद्दीत येत असेल तर तो कातळही नीट पाहून घ्या. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपीही आहे. अशी शिल्पं सड्यावर कुठेही, मातीच्या पातळ थराखाली असू शकतात.

आता घराची जागा. तुम्ही लिहिलं नसलं तरी माझा अंदाज आहे की मनातली जागा आंब्यांच्या मधोमध आहे, जिथून दरी सगळ्यात छान दिसते. तिथे घर बांधू नका. सगळ्यात चांगली जागा घराखाली गेली की ती संपते, उरते ती फक्त खिडकीतून दिसणारी बाजू. आंब्यांखालची जागा बसायला, झोपाळ्याला, मे महिन्यातल्या दुपारीला ठेवा आणि घर त्यांच्या वरच्या बाजूला, झाडांच्या घेराबाहेर घ्या. याला बांधकामाचंही कारण आहे. आंब्याची मुळं फांद्यांच्या घेरापलीकडेही जातात. ती तोडून पाया घातला किंवा खोडाभोवती दोन फूट भराव टाकला तर झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांत एकेक फांदी वाळत जाते आणि मग वादळात ते घरावर येतं. शिवाय आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ती आहेत. घर वरच्या बाजूला घेतलंत तर पडवीतून आंब्यांच्या फांद्या डोळ्यांच्या पातळीला येतात आणि त्यांच्यामधून दरी दिसते. मोकळ्या दरीपेक्षा झाडांमागची दरी अधिक खोल वाटते. हे प्रत्यक्ष उभं राहून पाहा.

उताराचं गणित कागदावर मांडून बघा, बाकी बरंच काही त्यातून सुटतं. समजा उतार आठास एक आहे. १५ मीटर खोल चौकोनी घर त्यावर बसवलं तर पुढच्या आणि मागच्या भिंतीत जवळजवळ दोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे एकतर मागे सहा फूट डोंगर कापायचा किंवा पुढे सहा फूट भराव टाकून संरक्षक भिंत बांधायची. दोन्ही महाग आणि दोन्ही धोक्याचं. जांभ्याच्या थराखाली बहुधा मऊ चिकट मातीचा थर असतो. वरून झिरपलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि उतारातून बाहेर पडायला बघतं. तिथे उभा छेद दिला की पावसाळ्यात माती सुटते. तेच घर ५ ते ६ मीटर खोल आणि समपातळी रेषेला धरून लांब ठेवलं तर फरक पाऊण मीटरवर येतो आणि तो चार-पाच पायऱ्यांत जिरतो. जेवणघर थोडं वर, बैठक थोडी खाली, झोपायच्या खोल्या त्याच रेषेवर पुढे सरकलेल्या, मध्ये एखादा कातळ आला तर घर तिथे वाकतं. एकाच खोलीइतकं रुंद घर असल्यामुळे प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन बाजूंनी वारा मिळतो. परिसराशी नातं जुळायला इथूनच सुरुवात होते. जमीन घराप्रमाणे सपाट करायची नाही, घराने जमिनीप्रमाणे पायऱ्या उतरायच्या.

घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून दहा-बारा फुटांवर चर खणा आणि सड्यावरून येणारं पाणी घराला वळसा घालून व्हाळाकडे न्या. मागच्या जोत्याला लागून दगडी भराव आणि त्याच्या तळाशी पाणी वाहून नेणारी भोकांची नळी. हे केलं नाही तर जुलैमध्ये फरशीच्या सांध्यांतून पाणी उमळतं आणि मग कुठलंही रसायन ते थांबवू शकत नाही. खर्च कमी करायचा झाला तर फरशी साधी घ्या, कोबा करा, पण या चराला आणि नळीला हात लावू नका.

फॉलिंगवॉटरबद्दल. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली पेनसिल्व्हेनियात बेअर रन या ओढ्यावर त्या घराचा आराखडा केला आणि धबधब्यावर पुढे आलेल्या त्याच्या काँक्रीटच्या गच्च्या जगभर प्रसिद्ध आहेत. त्या गच्च्या पुढे वाकत गेल्या आणि २००२ मध्ये पोलादी तारांनी ताणून त्यांना आधार द्यावा लागला. तुमचा व्हाळ पावसाळ्यात दगड-झाडं घेऊन येणारा आहे, त्याच्यापासून लांब राहा. पण त्या घरात घेण्यासारखं दुसरं काहीतरी आहे. भिंतींचा वालुकाश्म त्याच जमिनीतून काढलेला आहे आणि मूळचा खडक न फोडता बैठकीच्या शेकोटीपुढे तसाच जमिनीतून वर आलेला ठेवला आहे. तुमच्या जागेत असा एखादा कातळ नक्की असेल. घर त्याच्याभोवती वळवा. न्हाणीत, जिन्याखाली किंवा पडवीच्या टोकाला तो आत आला तर त्या घराची जागा दुसरीकडे कुठेही असू शकत नाही, हे आपोआप कळतं.

आता मुख्य गुंता, म्हणजे पश्चिम बाजू. तुमच्याकडे दरी पश्चिमेला आहे, दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं आहे, पावसाचा मारा नैऋत्य-पश्चिमेचा आहे आणि मार्च ते मे या उकाड्याच्या दिवसांत दुपारी सुटका करणारा खारा वाराही पश्चिमेचाच आहे. अखंड काच लावली तर यातली फक्त दरी मिळते. वारा अडतो, ऊन आत येऊन कोंडतं आणि वर्षातले आठ महिने पडदे ओढून एसी लावून बसावं लागतं. मग ज्या दरीसाठी काच लावली ती पडद्यामागे जाते. कोकणात अशी घरं मी पाहिली आहेत, त्यांचे फोटो सुंदर येतात आणि दुपारी तिथे बसवत नाही. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीचा विचार काचेच्या जाडीत करू नका, सावलीच्या खोलीत करा.

माझं म्हणणं असं आहे की पश्चिमेला दहा फूट खोल पडवी असावी आणि तिची वळचण (छपराची खालची कड) सात फुटांवर उतरवावी. सात फूट ऐकून लोक बिचकतात, कारण उंच म्हणजे भव्य अशी सवय झालेली असते. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण चार फुटांवर असतात. खाली आलेली वळचण त्याच्या नजरेतून वरचं पांढरं, डोळे दिपवणारं आभाळ कापते आणि दरी, झाडं, व्हाळ एवढंच ठेवते. उन्हाचंही गणित जमतं. सूर्य ३५ अंशांच्या खाली आल्याशिवाय ऊन आतल्या भिंतीच्या पायथ्याला पोचत नाही, म्हणजे मार्च-सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्ताच्या आधीचे साधारण अडीच तास तेवढे सांभाळायचे राहतात. पाऊसही तसाच. वाऱ्याने ४५ अंशांत तिरका आला तर सात फुटांच्या उघड्या उंचीतून सात फूटच आत येतो, आतले तीन फूट कोरडे राहतात. उंच, ऐटदार पडवीत जून ते सप्टेंबर कुणालाच बसता येत नाही.

उरलेल्या अडीच तासांसाठी आणि वादळी दिवसांसाठी पडवीच्या कडेला सरकत्या लाकडी झडपा लावा. जुन्या घरांत पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झड बांधत असत, त्यामागचा विचार हाच होता: वर्षातले काही महिने घराला अंगभर कपडे, काही महिने मोकळं. अलिबागजवळ नांदगावला नारळाच्या बागेत बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये पूर्ण केलेलं पाल्मायरा हाऊस याच तत्त्वावर उभं आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला ताडाच्या खोडापासून केलेल्या आडव्या पट्ट्या आहेत. वारा आणि कवडसे आत येतात, ऊन येत नाही. ते घर पूर्णपणे आजचं आहे. कुठेही जुने कोरीव खांब आणून उभे केलेले नाहीत, तरीही ते त्या बागेतलं वाटतं. तुम्ही विचारलेल्या गोष्टीचं महाराष्ट्रातलं याहून चांगलं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

काच लावूच नका असं मी म्हणत नाही. उत्तरेला मोठी काच घ्या, तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. फक्त एक ध्यानात ठेवा की कुडाळच्या सोळा अंश अक्षांशावर साधारण ५ मे ते ८ ऑगस्ट या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हा तिथेही दोन-अडीच फूट छज्जा लागतो. दक्षिणेला डिसेंबरात दुपारी सूर्य सुमारे ५० अंशांवर असतो. ५ फूट उंच खिडकीला माथ्याशी ४ फूट वळचण दिली की पुरते. पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, छोटं परसदार ठेवा. स्वयंपाकघर तिकडे उघडलं की सकाळचं ऊन आणि मागच्या चराकाठची अळवं दोन्ही हाताशी येतात. रात्री वारा उलट फिरतो, मतलई वारा पूर्वेकडून येतो, म्हणून झोपायच्या खोल्यांना त्या बाजूला उंचावर उघडी जाळी हवीच.

सपाट छप्पर नको, आणि हे मी चवीपोटी सांगत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गावोगावच्या सपाट स्लॅबच्या बंगल्यांवर चार-पाच वर्षांत पत्र्याची शेड चढलेली दिसते, तुमच्याही घरावर ती चढेल आणि आराखड्यातली सगळी साफ रेष तिथे संपेल. उतरतं छप्पर आजच्या घराला शोभत नाही ही समजूत सोडून द्या. बारीक पोलादी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), जमिनीच्या उताराच्याच दिशेने उतरणारं लांब छप्पर, मध्ये खांब नसलेली बैठक, हे जुन्या घरात नव्हतं आणि आज सहज करता येतं. छपराचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा.

मंगळुरी कौलं घ्यावीत का, हा प्रश्न आता कौलं फोडणाऱ्या वांदरांमुळे अवघड झाला आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यापासून ही कौलं या किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्या फटींतून छप्पर श्वास घेतं, म्हणून ती मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतात. पण वर्षातून दोनदा फुटकी कौलं बदलणारं माणूस हाताशी नसेल तर खाली रंगीत पत्रा, त्यावर दोन इंचांची हवेची पोकळी राहील अशा रिपा आणि वर कौलं, असं दुहेरी छप्पर करा. कौल फुटलं तरी घर गळत नाही आणि पोकळीतली गरम हवा आढ्याशी ठेवलेल्या फटीतून निघून जाते. स्लॅबवर सिमेंटने कौलं चिकटवण्यात मात्र काही अर्थ नाही. ती फक्त दिसायला कौलं असतात, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाच्या करा. खाण आधी ठरवा, कारण चिऱ्याचं माप आणि रंग खाणीगणिक बदलतो. खिडक्या-दारांच्या उंच्या चिऱ्याच्या थरांत मोजल्या तर एकही चिरा उभा कापावा लागत नाही, आणि उघड्या भिंतीचं सौंदर्य बरंचसं त्यात असतं. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात कठीण होतो, म्हणून निदान एक उन्हाळा आधी आणून रचून ठेवा. घराचा तांबडा रंग मग आजूबाजूच्या मातीचाच असतो आणि दोन पावसाळ्यांनी त्यावर शेवाळाची झाक आली की घर गडग्यांच्या ओळीत जाऊन बसतं. त्यावर चकचकीत वार्निश मारू नका. आतली ओल कोंडून पापुद्रे सुटतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून चुन्याचा गिलावा द्या. जिथे काँक्रीट लागेल तिथे समुद्राच्या खाऱ्या हवेचा विचार करा. किनाऱ्याच्या उघड्या हवेत सळईवर ४५ मिलिमीटर आवरण आणि किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. तुम्ही समुद्रापासून आत असाल तर अभियंता हे थोडं कमी करेल, पण ते त्याने लिहून द्यावं, साइटवर तोंडी ठरू नये.

तलावाविषयी थोडक्यात. आठ बाय चार मीटरचा, साधारण १.४ मीटर खोल तलाव म्हणजे ४५,००० लिटर पाणी, आणि ते तुम्हाला एप्रिल-मेमध्ये हवं असणार, जेव्हा उतारावरच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. शिवाय उताराच्या काठावर एवढं वजन आणि गळतीची भीती. त्याऐवजी छपराचं पाणी धरा. २०० चौरस मीटर छपरावर वर्षाला सहा लाख लिटर पाऊस पडतो. सगळा साठवणं शक्य नाही, पण घराच्या पोटात, पडवीखालच्या उतारात पन्नास हजार लिटरची टाकी सहज बसते. बाकीचं विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवा. पडवीची पन्हळ रुंद ठेवा. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर त्या छपरावरून तासात २०,००० लिटर पाणी उतरतं आणि शहरी मापाची पन्हळ ओसंडून जाते. मी तर एका बाजूला पन्हळ लावतच नाही. पागोळ्या सरळ खाली जांभ्याच्या गोट्यांनी भरलेल्या चरात पडू देतो. पडवीत बसून पावसाचा पडदा बघण्यासारखं दुसरं सुख या प्रदेशात नाही.

हिरवळ लावू नका. ती नेमकी पाणी नसताना पाणी मागते. घरापुढे मोकळं, चोपून केलेलं खळं ठेवा. खळ्याला लोक सण-समारंभाची जागा समजतात. पण मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरचं गवत वाळून वणवा लागतो तेव्हा घराभोवतीचा हा झाडलेला पट्टाच आग अडवतो, आणि संध्याकाळी त्यावरून जाणारं जनावर दिसतं. खळ्याच्या पलीकडे उतार आपल्या गवताला सोडून द्या. पावसात तिथे तेरडा आपोआप येतो. नवीन झाडं लावायची तर बकुळ, सुरंगी, रातांबा, किंजळ, कुंपणाला करवंद आणि चिवा (बारीक बांबू). झटपट वाढतं म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ कुणी सुचवेल, ती नको. तिच्या खाली दुसरं काही फारसं वाढत नाही. नारळ घरापासून एवढा दूर लावा की झावळ आणि नारळ छपरावर पडणार नाहीत. बाहेरचे दिवे गुडघ्याच्या उंचीला, खाली तोंड केलेले आणि पिवळसर ठेवा. मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर त्या व्हाळाकाठच्या झाडांवर काजवे येतात आणि अंगणात पांढरा फ्लडलाइट असला तर ते तुम्हाला दिसणार नाहीत.

श्रीलंकेत जेफ्री बावा यांनी बांधलेलं कांडलमा हॉटेल १९९४ मध्ये सुरू झालं. कड्याला चिकटून लांबच लांब पसरलेली ती इमारत आता वेलींत जवळजवळ बुडाली आहे. तिथे आत जाताना समोरचं तळं लगेच दिसत नाही, आधी अंधाऱ्या वाटेने जावं लागतं. तुमच्याकडेही गाडी वर, रस्त्याच्या कडेलाच थांबवा. तिथून गडग्याच्या कडेने, फणसाखालून पायऱ्या उतरत यावं, दरवाजाशी चिऱ्याची भिंत असावी, आणि दरी दिसावी ती ओटी ओलांडून पडवीत पाऊल टाकल्यावर. गाडी दारापर्यंत आणायची म्हटली तर उतारात साडेतीन मीटर रुंद रस्ता कापावा लागेल, आणि घराने न केलेलं नुकसान तो रस्ता करेल. म्हातारपणाची काळजी असेल तर पायऱ्यांशेजारी सामानाच्या ढकलगाडीपुरता सौम्य उतार ठेवा, पुढे तो चाकाच्या खुर्चीलाही उपयोगी पडेल.

शेवटी गवंडी की ठेकेदार. चिरा, कौलं, गडगा आणि सुतारकाम गावच्या माणसांकडून करून घ्या. पोलादी कैच्या आणि काँक्रीट यांसाठी कुडाळ-सावंतवाडीकडचा, अभियंत्याची देखरेख मान्य करणारा ठेकेदार बघा. पुण्याहून माणसं आणलीत तर ती चिऱ्याची भिंत विटेसारखी जाड सांध्यांची बांधतील. करार करण्याआधी जागेवर चार फूट लांब, चार फूट उंच नमुन्याची भिंत बांधून घ्या, तिला एक कोपरा आणि एक खिडकीची कड असू द्या. सांधा किती बारीक, दरजा भरायच्या की मोकळ्या ठेवायच्या, कोपरा कसा गुंफायचा, हे तिथेच ठरवा. ती भिंत काम संपेपर्यंत पाडू नका. पुढे वाद झाला तर कागदापेक्षा तीच दाखवता येते. पाया ऑक्टोबरच्या अखेरीस, जमिनीतली ओल उतरल्यावर खोदा, आणि छप्पर मेच्या मध्यापर्यंत चढणार नसेल तर त्या वर्षी भिंती जोत्याच्या वर नेऊ नका.